शेवटचे पान आधी वाचणारे

रहस्यकथा हाती घेतली की खुनी कोण, एवढेच आपल्याला हवे असते. ओरहान पामुक यांची ‘माय नेम इज रेड’ ही मूळ तुर्की कादंबरी (1998) आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचायला घेतली, तेव्हा आमचीही तीच घाई होती. काळ 1591, शहर इस्तंबूल, गादीवर सुलतान मुराद तिसरा. पहिल्याच प्रकरणात विहिरीच्या तळाशी पडलेले प्रेत बोलू लागते. सुलतानासाठी गुपचूप तयार होत असलेल्या ग्रंथावर काम करणारा हा कारागीर. संशय तिघा चित्रकारांवर. पण लेखक आपल्याला धावू देत नाही. कुत्रा बोलतो, झाड बोलते, नाणे बोलते. खुनीही नाव न सांगता बोलतो. मधेच चित्रकाराच्या अंधत्वावर, शैली हा गुण की दोष यावर पानेच्या पाने. शेवटी कंटाळून आम्ही अखेरची प्रकरणे उघडली.

नाव कळले. पण त्या माणसाचा राग करावा की कीव, हे कळेना. कारण त्याचे आम्ही ऐकलेच नव्हते.

तेव्हा वर्गातली एक गोष्ट आठवली. एका मुलीचे सहलीचे पैसे हरवले. आम्ही शिक्षकांनी पाच मिनिटांत एका मुलाचे दप्तर उलटे केले. त्याचा मोठा भाऊ पूर्वी चोरी करताना सापडला होता, एवढाच पुरावा. दुसऱ्या दिवशी पैसे मुलीच्याच भूगोलाच्या वहीत मिळाले. उर्दूत याला बदगुमानी म्हणतात. हा शब्द मुलांना आम्हीच शिकवतो. दुसऱ्या कुणाच्या करणीवरून लोक आपल्याकडे संशयाने पाहतात तेव्हा आपण किती दुखावतो! तेच आम्ही त्या मुलाशी केले.

कुणी म्हणेल, विहिरीतल्या प्रेताला तर लवकर न्याय हवा आहे. खरे आहे, उशीर हाही अन्यायच. कादंबरीतला सुलतानही तीनच दिवसांची मुदत देतो. त्या मुदतीत उस्ताद उस्मान खजिन्यातल्या जुन्या ग्रंथांची चित्रे निरखत बसतात, आणि माग लागतो तो एका घोड्याच्या नाकपुडीवरून. घाईत असलेल्याला ती नाकपुडी दिसली नसती. संथपणा म्हणजे टाळाटाळ नव्हे. समोरच्याकडे नीट पाहणे, त्याचे पुरते ऐकणे, एवढाच त्याचा अर्थ.

कादंबरी आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. त्या मुलाची आम्ही सर्वांसमोर माफीही मागितली. पण वर्ष संपेपर्यंत तो मागच्या बाकावरच बसला.