घरची शाळा व गावची शाळा

वाचावयाचा भाग : अनुवाद ६ : ४–९, २ तीमथ्य १ : ५, लूक २ : ४१–५२



आपल्या वाशीम जिल्ह्यातील खेड्यांत एक तक्रार वारंवार कानी पडते. "पोरगे पाचवीत गेले, तरी त्यास जोडाक्षर वाचता येत नाही. मग शाळेत धाडून काय उपयोग? त्यापेक्षा घरीच बरे." ही तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. कोठे एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात. कोठे पाठ तोंडपाठ होतो, पण अर्थ उमगत नाही. परंतु "घरीच बरे" हा निकाल देण्यापूर्वी देवासमोर थोडे थांबून विचार करावा.

मुलास शिकविण्याचे काम देवाने प्रथम आईबापांकडे सोपविले. घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना मुलांस शिकवावे, असे मोशेने इस्राएलास बजाविले. तीमथ्याचा विश्वास त्याच्या आजीच्या व आईच्या मांडीवर वाढला. म्हणून घरचे शिक्षण हलके मानू नये.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने आपल्या लेकीस शिकविले. १८५८ साली जन्मलेल्या ह्या मुलीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. तरी १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु पुढे तिने काय केले? सर्व मुलींनी घरीच शिकावे असे ती म्हणाली नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे तिने स्त्री-शिक्षिकांची मागणी केली, व १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडले. कारण अनंतशास्त्र्यांसारखा बाप प्रत्येक मुलीस लाभत नाही, हे तिला ठाऊक होते.

आता आपल्या घराकडे वळू. आपण मुलास घरी ठेवतो, तेव्हा त्यास खरोखर शिकवितो काय? मुलगा शेळ्यांमागे जातो. मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेते, पाणी भरते, सोयाबीन सोंगण्यास आईबरोबर शेतात जाते. ह्यास घरचे शिक्षण म्हणणे म्हणजे आपल्या अडचणीस चांगले नाव देणे होय. आणि शाळेतून पहिली काढली जाते ती बहुधा मुलगीच.

कायदाही जाणून घ्यावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत दाखल करणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, असे त्याचे १० वे कलम सांगते. घरी शिकविण्याची निराळी वाट त्यात दाखविलेली नाही; न पाठविणाऱ्यास दंडही सांगितलेला नाही. शहरांतील काही सुशिक्षित कुटुंबे मुलांस घरी शिकवितात व १४ वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीच्या परीक्षेस बसवितात. तेथे आईबाप रोज शिकविण्यास बसतात, हे विसरू नये. दंड नाही म्हणून कर्तव्य नाही, असे ख्रिस्ती मनुष्याने म्हणू नये.

आणि शाळा चुकत असेल तर? त्याच कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. मुलास मारणे कायद्याने मना आहे. पारावर बसून शाळेस नावे ठेवणे सोपे, सभेत जाऊन "माझ्या मुलीस वाचता का येत नाही?" असे नम्रतेने व निर्भयपणे विचारणे, हे पालकाचे काम होय.

उपदेशक बंधूंनो, ह्यात आपलाही दोष आहे. कोणी दोन रविवार उपासनेस चुकला तर आपण त्याच्या दारी जातो. परंतु त्याची मुलगी दोन महिने शाळेत गेली नाही, हे आपण विचारीत नाही. ह्या आठवड्यात प्रत्येक घरी ते विचारू या.

आणि आईबापांनो, दिवेलागणीनंतर अर्धा तास मुलास जवळ घ्या. तुम्हांस अक्षर येत नसले तरी लाजू नका. त्याने मोठ्याने वाचावे, तुम्ही ऐकावे, आणि मग विचारावे, "बाळा, ह्यात काय सांगितले?" अडखळला तर दुसऱ्या दिवशी गुरुजींस जाऊन सांगावे.

आपला प्रभू नासरेथच्या घरी आईबापांच्या आज्ञेत वाढला, आणि बारा वर्षांचा असता मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत व त्यांस प्रश्न विचारीत होता. त्याला घरही होते व गुरूही होते. आपल्या लेकरांस ह्यांपैकी एकास मुकावे लागू नये, म्हणून देव आपणांस जागृत ठेवो. आमेन.