रविवारची तल्लीनता

रविवार हा विश्रांतीचा दिवस असें आपण सर्वजण म्हणतों. परंतु त्या दिवशीं संध्याकाळीं ज्यास खरोखर विश्रांति मिळाल्यासारखें वाटतें असा गृहस्थ आमच्या पाहण्यांत फारसा आलेला नाहीं. उशिरां जेवण, मग झोप, मग मोबाइलवर बोट फिरवण्यांत गेलेला तास, आणि दिवेलागणीस 'आजचा दिवस फुकट गेला' ही हुरहुर, हा सुशिक्षित घरांतला ठराविक क्रम आहे. आमच्याही घरांतला तोच.

गेल्या चैत्रांतला एक रविवार मात्र यास अपवाद झाला. घरीं कुरडयांचा घाट घातला होता. गहू तीन दिवस भिजले होते, त्यांचें पाणी रोज बदललें होतें, चीक रात्रभर निवळत ठेवला होता. चंद्रपूरचें ऊन कसें असतें हें ज्यास ठाऊक आहे त्यास, हें काम पहाटेसच कां उरकावें लागतें हें सांगावयास नको. सोऱ्या आमच्या हातीं आला. शिजलेला चीक गरम आहे तोंवरच दाबला जातो. निवला कीं तो हट्टास पेटतो. पहिल्या दहा-बारा कुरडया वेड्यावांकड्या झाल्या, व त्या आमच्याच पानांत वाढल्या जातील असें सौभाग्यवतींनीं जाहीर केलें. पुढें हातास वळण लागलें. किती दाबावें, केव्हां हात फिरवावा, कोठें थांबावें, हें मनगटच ठरवूं लागलें. पातेलें रिकामें झालें तेव्हां गच्ची पायांस चटके देत होती, आणि दोन तास कोठें गेले हें आम्हांस सांगतां आलें नसतें.

या अवस्थेचा अभ्यास मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें जन्मभर केला. त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९९० सालचा. कडे चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, शस्त्रवैद्य, संगीत रचणारे अशांस विचारून त्यांनीं असें दाखविलें कीं, काम आपल्या कौशल्याच्या अगदीं सोसण्याइतकें कठीण असावें, हेतु स्पष्ट असावा, आणि केलेलें बरें कीं वाईट हें जागच्या जागीं कळावें. म्हणजे 'मी'चें भान सुटतें व काळाचें मान बदलतें. त्यांना असेंही आढळलें कीं, ही अवस्था माणसांना फुरसतीपेक्षां कामांतच अधिक लाभते, आणि तरीही कामावर असतांना तींच माणसें सुटीची इच्छा करितात! रविवारच्या हुरहुरीचें मूळ येथें असावें. आमच्याच शहरांत २०१७ सालीं इको-प्रो संस्थेच्या तरुणांनीं गोंडकालीन किल्ल्याच्या तटावरचा झाडोरा काढावयास घेतला. तट सुमारें अकरा किलोमीटरांचा, मजुरी कांहीं नाहीं. तरी दोनशें दिवस हें काम चाललें, व त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरून त्याचा उल्लेख केला. साफ झालेला हातभर दगड डोळ्यांस दिसतो, हेंच त्या चिकाटीचें एक कारण असेल असें आम्हांस वाटतें.

येथवर सर्व ठीक. पण त्याच चैत्रांत, त्याच पहाटेच्या वेळीं, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या रानांत बायका मोहफुलें वेंचीत असतात. फुलें पहाटे गळतात. उन्हें चढण्यापूर्वीं तीं वेंचावयाचीं. चिक्सेंटमिहाय यांनीं सांगितलेलीं लक्षणें या कामास लावून पाहावीं. हेतु स्पष्ट आहे, टोपली भरतांना दिसते आहे, हात सरावलेला आहे. आणि तरी त्या बाईनें तल्लीन होऊन चालत नाहीं. वांकलेला मनुष्य वाघास मनुष्यासारखा दिसत नाहीं असें जाणते सांगतात. मोहाच्या व तेंदूपानाच्या हंगामांत माणसें दगावल्याच्या बातम्या येथें नव्या नाहींत. एकट्यानें जाऊं नका, मोठ्यानें बोलत राहा, असें वनखातें बजावीत असतें. म्हणून ती चार फुलें उचलते आणि मान वर करून पाहते. पुन्हां चार, पुन्हां मान वर.

यावर कोणी म्हणेल, कडा चढणाऱ्यासही मृत्यूचें भय असतेंच. मग तो कसा तल्लीन होतो? आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण त्याचें भय त्याच्या कामाच्या आंत आहे. तो ज्या खांचेकडे पाहतो तीच त्यास तारणारी वा मारणारी. एकाग्र होणें हाच त्याचा बचाव. शिवाय तें भय त्यानें आपखुशीनें पत्करलेलें. मोह वेंचणारीचें भय पाठीमागून येतें. जितकी ती आपल्या कामांत रमेल तितकी ती उघडी पडेल. तेव्हां तल्लीनतेच्या अटींच्या यादींत आणखी एक अट घालावयास हवी, आणि ती कौशल्याची नव्हे: पाठीशीं कोणी तरी जागें असावें. ज्यास ही अट न मागतां मिळते त्यास ती दिसत नाहीं, एवढेंच.

सुटीचेंही तसेंच. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झटण्यानें, १८९० सालीं. मोह रविवार पाळीत नाहीं. त्या फुलांच्या चार पैशांवर पावसाळ्याचीं पहिलीं कामें निघतात. तीं गळतात त्या दिवशीं वेंचलींच पाहिजेत. तल्लीनता सर्वांस सारखी उपलब्ध आहे, केवळ मन लावावयाचा अवकाश, असें वर्गांत सांगतांना आम्ही आतां अडखळतों. ती अवस्था स्वतःच श्रेयस्कर आहे असें तर चिक्सेंटमिहायही म्हणत नाहींत.

आमच्या त्या दोन तासांची एक गोष्ट सांगावयाची राहिली. कावळे आणि वानरें यांपायीं मातोश्री पहाटेपासून जिन्याच्या तोंडाशीं काठी घेऊन बसल्या होत्या. त्यांची नजर कुरडयांवर नव्हतीच. ती शेजारच्या कौलांवर आणि कडुनिंबावर होती. मध्यें केव्हां तरी चहा वर आला व सर्वांनीं घेतला. त्यांना द्यावयाचा राहिला, हें आमच्या ध्यानांत आलें तें कपबशा खालीं नेतांना.