आतला कागद

यवतमाळ जिल्ह्यात इंग्रजी बोलायची वेळ फार थोड्यांवर येते. वणीच्या कोळसा खाणींत बाहेरून आलेले साहेब हिंदी बोलतात. बँकेतला परप्रांतीय मॅनेजर काही महिन्यांत मोडकीतोडकी मराठी उचलतो. पांढरकवड्याजवळ हायवेवर ट्रक उभा करणारा तेलंगणातला ड्रायव्हरही चहा हिंदीतच मागतो. इंग्रजी वाचायची वेळ मात्र कुणालाच चुकत नाही. दवाखान्यातून सुटी होताना मिळणारं डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं, विम्याच्या पॉलिसीतल्या अटी इंग्रजीत असतात. जिल्हा न्यायालयात मराठी चालते, पण प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं की निकालाचा कागद इंग्रजीत येतो आणि पक्षकार वकिलाच्या तोंडाकडे बघत राहतो. असं असूनही तालुक्याच्या गावांत फ्लेक्स लागतात ते ‘स्पोकन’च्या क्लासचे. इतक्या दिवसांत फाडफाड इंग्रजी, अशी त्यावर हमी असते. गरज वाचण्याची आहे आणि बाजार बोलण्याचा भरला आहे.

वाचायला शाळा शिकवते, असं यावर म्हटलं जाईल. महाराष्ट्रात 2000 साली सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्या पिढीने एबीसीडी पाचवीत गिरवली होती. या बदलाचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही, कारण अक्षरांची भीती गेली. झरी-जामणीतल्या शाळेतलं पोरही आज धडा खणखणीत वाचून दाखवतं. पण त्याला थांबवून या परिच्छेदात काय सांगितलंय असं विचारलं, की ते एक तर गप्प होतं किंवा गाईडमधला मराठी सारांश म्हणून दाखवतं. डोळ्यांनी अक्षर उचललं, तोंडाने उच्चारलं, मध्ये काही घडलंच नाही. मोठ्याने वाचता येणं म्हणजे वाचता येणं, ही समजूत आपल्या इंग्रजीच्या शिक्षणात मुळापर्यंत गेलेली आहे. तपासणीला आलेले साहेबही मुलाला वाचायला लावतात, शाबासकी देतात आणि पुढच्या वर्गात जातात.

पुढे हीच मुलं अभ्यासिकेत बसतात. तिथे ‘वोकॅब’ची वही असते. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकेक मराठी अर्थ, मागच्या पानांवर सिनॉनिम, अँटोनिम. वही भरते, पाठही होते, आणि पॅसेज समोर आला की त्यातला ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने वापरलेला निघतो. चीनमध्येही विद्यार्थी असेच शब्दांच्या याद्या घोकतात. तिथल्या बऱ्याच शब्दसंग्रहांत पहिला शब्द ‘अबँडन’ असतो, म्हणजे सोडून देणे, आणि अभ्यास पहिल्याच शब्दापाशी सुटतो असा विनोद तिथली मुलं स्वतःवरच करतात. चिनी भाषेने बहुतेक नव्या वस्तूंना आपल्याच शब्दांतून नावं दिली, त्यामुळे त्या मुलांना इंग्रजी शब्द रस्त्यात फारसे भेटत नाहीत. घोकण्यावाचून त्यांना गत्यंतर कमी आहे. आपली गोष्ट वेगळी आहे.

कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या तोंडात किती इंग्रजी आहे ते बघा. पंप, नोझल, डोस, स्टिकर, टॉनिक, बीटी, ‘मोनो’. कापूस विकायला नेला की जिनिंग, प्रेसिंग, ग्रेडर, मॉइश्चर. शाळेत न गेलेली बाईही हे शब्द अचूक वापरते. तेच शब्द रोमन लिपीत छापलेले दिसले तर मात्र ते आपलेच आहेत हे डोळ्यांना ओळखू येत नाही. शिकवायची सुरुवात इथून व्हायला हवी. पाठ्यपुस्तक ती भलतीकडूनच करतं.

2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात विषबाधेची लाट आली. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर दाखल झाले आणि जिल्ह्यातली वीसहून अधिक माणसं गेली. भाषेमुळे ती गेली असं म्हणणं खोटेपणाचं होईल. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. जोरात फवारणारे नवे पंप आले होते, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, आणि मजुराला ते देणं ही कुणाची तरी जबाबदारी होती. पण डब्याच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद तेव्हा किती जणांनी उलगडला होता, हा प्रश्न उरतोच. कीटकनाशक नियम, 1971 नुसार लेबल आणि माहितीपत्रक इंग्रजी, हिंदी आणि त्या भागातल्या भाषेत छापावं लागतं. विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा त्यात द्यावा लागतो. म्हणजे कागदावर मराठी असते. ती मुंगीएवढ्या अक्षरांत असते आणि बहुतेकदा इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उचलून खाली ठेवल्यासारखी वाचते, ही त्यातली गोम. ती समजायला आधी इंग्रजी यावं लागतं, असाही कधी कधी प्रकार होतो. शेवटी माणूस कृषी केंद्राच्या काउंटरवर विचारतो, ‘‘पंपाले किती टाकाचं भाऊ?’’ आणि उत्तर मिळतं त्यावर फवारणी होते.

नववीच्या वर्गात हा कागद द्यावा आणि मुलांना तो घरच्या माणसाला सांगता येईल अशा मराठीत उतरवायला लावावा, असं माझं म्हणणं आहे. पहिल्याच वाक्यात अडचण येते. इंग्रजीत नाम आधी येतं आणि ‘जे अमुक तमुक आहे ते’ हे शेपूट मागून येतं. मराठी माणूस ‘काल फवारलेलं शेत’ म्हणतो, वर्णन आधी आणि शेत नंतर. चिनी भाषेतही ते नामाच्या आधीच येतं, म्हणून इंग्रजीचं लांब वाक्य तिथल्या आणि इथल्या मुलाला एकाच जागी ठेच लावतं. हे वाक्य शेवटाकडून सुरू करून उलटं सोडवायचं असतं. व्याकरणाचा नियम पाठ करून हे हाताला लागत नाही, चार वाक्यं उलटी करून बघितली की लागतं.

मग ‘वेटिंग पिरियड’ येतो. वोकॅबची वही सांगते, वाट पाहण्याचा काळ. कोण कुणाची वाट पाहतंय? शेवटची फवारणी आणि वेचणी यांच्यात इतके दिवस अंतर ठेवा, एवढाच त्याचा अर्थ आहे. पण तो लिहिण्यासाठी मुलाला इंग्रजीच्या दोन शब्दांपलीकडे जाऊन शेतात उभं राहावं लागतं. त्यानंतर तक्ता. प्रमाण हेक्टरी दिलेलं असतं आणि इथे सगळे एकरात बोलतात, पंपात मोजतात. समजा हेक्टरी 500 मिली औषध 500 लिटर पाण्यात सांगितलंय. म्हणजे लिटरला एक मिली आणि 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. एका एकरात साधारण 200 लिटर पाणी, म्हणजे तेरा-चौदा पंप. एवढे पंप पाठीवर कोण मारणार? आठ-दहांत एकर उरकायचा तर औषध वाढवायचं की कसं, असा प्रश्न पोरगं विचारील, आणि तो ज्याला विचारायचा त्या कृषी सहायकापर्यंत तो प्रश्न घेऊन जाईल. घोकलेल्या यादीतून असा प्रश्न निघत नाही. तो अर्थ उतरवताना निघतो, कारण न समजलेली जागा तिथे झाकता येत नाही.

भाषांतर म्हटलं की इंग्रजीचे आजचे तज्ज्ञ नाक मुरडतात, आणि त्याला कारणही आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या. नियम घ्यायचा, वाक्यं इकडून तिकडे न्यायची, तिकडून इकडे आणायची. त्या पद्धतीने कचेऱ्यांना कारकून आणि न्यायालयांना वकील पुरवले, पण मॅट्रिक झालेला माणूस साहेबासमोर एक वाक्य धड बोलू शकत नसे, हेही खरंच. थेट इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवा, मध्ये मातृभाषा आणू नका, हा आग्रह त्यावरचा उतारा म्हणून आला. पण हा उतारा तयार झाला तो ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी. शिवाय तर्खडकरी पद्धतीचा दोष भाषांतरात नव्हता, वाक्यांत होता. ती वाक्यं कुणाचीच नव्हती. कुणी कुणाला ती कधी सांगणार नव्हतं, त्यामुळे चूक झाली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

चीनमध्ये विद्यापीठातल्या मुलांची जी इंग्रजीची मोठी परीक्षा होते तिच्यात 2013 पासून परिच्छेदाचं भाषांतर आहे, पण ते चिनीतून इंग्रजीत. आपला इतिहास, आपली संस्कृती जगाला सांगता यावी हा त्यामागचा रोख. मोठ्या राज्याला तो शोभतो. यवतमाळच्या मुलाची निकड उलट्या दिशेची आहे, आणि तिचं उदाहरणही चीनमध्येच सापडतं. लिन शू (1852–1924) या गृहस्थाला एकही परदेशी भाषा येत नव्हती. भाषा जाणणारा मित्र शेजारी बसून तोंडी अर्थ सांगायचा आणि लिन शू तो अभिजात चिनीत उतरवायचा. अशी दीडशेहून अधिक पुस्तकं त्याने केली आणि एका पिढीने युरोपातली कादंबरी त्याच्यामुळे वाचली. त्याच्या चुका पुढच्यांनी भरपूर काढल्या. तरी त्याची भाषांतरं वाचली गेली, कारण त्याचं चिनी भक्कम होतं. भाषांतराचं अर्धं काम आपल्या भाषेत होतं. ज्या मुलाला वऱ्हाडीत गोष्ट रंगवून सांगता येते ते मूल हे अर्धं काम घेऊनच शाळेत येतं. त्याच्या भाषेला ‘अशुद्ध’ ठरवून आपण ते दाराबाहेर ठेवायला लावतो, हा आपला करंटेपणा.

या जिल्ह्याला इंग्रजी आणि मराठी यांचं नांदणंही ठाऊक आहे आणि भांडणही. वणीत 1880 साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे इंग्रजीत खटले लढवत, मराठीत वृत्तपत्र चालवत, आणि त्यांनी लोकमान्य टिळकांवर महाकाव्य लिहिलं ते संस्कृतात. तीन भाषा एका माणसात सुखाने नांदल्या. त्याच यवतमाळात जानेवारी 2019 मध्ये साहित्य संमेलन भरलं तेव्हा उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असा आक्षेप निघाला होता. खरी अडचण भाषेची होती की भाषणातल्या मजकुराची, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला मात्र वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. न झालेलं ते भाषण मराठीत आलं, वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून राज्यभर फिरलं, आणि मंडपात जेवढ्यांनी ऐकलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ते वाचलं. सहगल यांचे वडील रणजित पंडित यांनी ‘राजतरंगिणी’ संस्कृतातून इंग्रजीत नेली होती (1935). त्या बाईंचा इंग्रजीशी संबंध भाषांतर करणाऱ्या घरातून आलेला होता, एवढं तरी मराठीच्या रखवालदारांना ठाऊक असायला हरकत नव्हती.

आतापर्यंत मी मराठी ही घरची भाषा धरून चाललो. जिल्ह्यातल्या कित्येक मुलांसाठी ती तशी नाही. तांड्यावर गोरमाटी बोलतात, कोलामांच्या पोडावर म्हणजे वस्तीवर कोलामी, गोंडांच्या काही घरांत गोंडी. कोलामी तर द्राविडी कुळातली, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. अशा मुलाला आश्रमशाळेत आधी मराठी परकी, मग इंग्रजी आणखी परकी. एम. बी. एमेनो या अभ्यासकाने कोलामीचं व्याकरण, शब्दसंग्रह आणि सांगितलेल्या गोष्टी 1955 साली पुस्तकरूपाने छापल्या, त्या इंग्रजी भाषांतरासह. कोलामी गोष्टींचं इंग्रजी भाषांतर सत्तर वर्षांपासून ग्रंथालयात आहे. कोलाम मुलाने इंग्रजी मजकूर कोलामीत उतरवावा, हे मात्र वर्गात आजवर कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

आता मोबाइलचा कॅमेरा कागदावर धरला की मराठी होऊन दिसते, मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. कॅमेरा धरावा, जरूर धरावा. मात्र कॅमेऱ्याने डोसाचा आकडा किंवा ‘नये’ हा शब्द गाळला तर ते ओळखायला मूळ वाक्यावर नजर टाकता आली पाहिजे. कोलामीसाठी तर ही सोयही नव्हती. गूगलने 2024 मध्ये एका झपाट्यात 110 भाषा जोडल्या, त्यात तुळू, खासी, अवधी आल्या. कोलामी आली नाही.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात भाषांतराचा प्रश्न आजही असतो. सुटे शब्द, एखाददुसरं वाक्य, एखादी म्हण, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गुण. भाषांतर शिक्षणाच्या माध्यमात करायचं, म्हणजे इथे बहुधा मराठीत. परिच्छेद विचारत नाहीत याचं कारण सरळ आहे. परिच्छेदाची बरोबर उत्तरं अनेक निघतात, आदर्श उत्तरपत्रिकेत ती मावत नाहीत, तपासणाऱ्याला प्रत्येक उत्तर वाचावं लागतं. यूपीएससी हेच काम लाखो नाही तरी हजारो उत्तरपत्रिकांसाठी करते आणि परिच्छेदाचं भाषांतर दोन्ही दिशांनी विचारते. दहावीच्या मंडळाला ते जड जाईल हे मान्य. पण नववीच्या वर्गातल्या चाचणीला मंडळाची परवानगी लागत नाही. पोडाजवळच्या शाळेत बदली होऊन आलेल्या सरांना कोलामी येत नसेल, तर मुलांनी कागदाचं काय केलं हे त्यांना मुलांकडूनच मराठीत समजून घ्यावं लागेल, एकेक वाक्य थांबवून, आणि त्या तासाला फळ्यावर तीन भाषा असतील.