उकरलेल्या मातीतला जीव

आजचं वाचन गीता, अध्याय १२, श्लोक १३. भक्ताची लक्षणं सांगायला घेतल्यावर भगवंत सगळ्यात आधी सांगतात ते कुठल्याही जीवाचा द्वेष न करणं. जप, उपवास त्यानंतरही नाहीत तिथे.

आता हे जरा बाल्कनीत आणून बघू. कुंडी किंवा कंपोस्टचा ड्रम उकरला की पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या निघतात. भुंगेऱ्यांच्या असतात त्या. आपलं पहिलं "शी!" आणि लगेच खुरपं. पण कंपोस्टमधली अळी बरेचदा कुजका पालापाचोळाच खाते, म्हणजे आपलंच काम करते. सपाट जागी ठेवल्यावर उताणी होऊन पाठीवर सरपटू लागली, तर बहुधा निरुपद्रवी समजा. तिला परत ओल्या खतात ठेवून वरून पाला पसरायचा, बस्स. उघड्यावर ती सुकते.

हुमणी मात्र जिवंत मुळं खाते. तिचं काय? खिडकीतून सोसायटीच्या बागेत फेकणं सोपं. आपले हात स्वच्छ, झाड दुसऱ्याचं मरणार. ही अहिंसा नव्हे, बग दुसऱ्या टीमच्या नावावर टाकणं झालं!

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली अहिंसेपाशी खूप वेळ थांबतात, आणि हिंसा करून अहिंसा पिकवू म्हणणाऱ्यांची चांगलीच फिरकी घेतात. त्यामुळे "तुळस वाचली ना, मग झालं" म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरीकडे स्मृतींमध्ये पंचसूना आहेत. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ, पाण्याचा घडा. घर म्हटलं की या पाच ठिकाणी जीव मरणारच, हे मान्य करून गृहस्थाला रोजचे पंचमहायज्ञ लावून दिले. त्यातला एक भूतयज्ञ, आपल्या अन्नातला घास इतर जीवांना. हिंसा शून्यावर येईल असं कुणी भासवलं नाही, पण ती हिशेबातून वगळूही दिली नाही.

उसाचं शेत हुमणीने वाळताना बघणाऱ्या शेतकऱ्याला मी काय उपदेश करणार? वळवाच्या पावसानंतर तो रात्री कडुलिंब-बाभळीवरचे भुंगेरे झटकून मारतो, आणि त्याच उसाची साखर माझ्या चहात असते.

माझ्या कुंडीपुरतं सांगतो. एखाद-दुसरी हुमणी निघाली तर मातीसकट गवताच्या जुन्या कुंडीत सोडतो. जास्त निघाल्या तर कठड्यावर ठेवतो, साळुंक्या येतात. आईने विचारलं तर "सोडून दिल्या" म्हणत नाही. "मारल्या" म्हणतो.