दीडशे जगांचे एक राज्य

जे राज्य कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याच्या कारभाराची चर्चा दिवाळीच्या फराळाबरोबर कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण खऱ्या राज्यांचा विषय निघाला की आपण लागलीच आपापल्या पक्षाची पगडी चढवतो. काल्पनिक राज्याविषयी बोलताना मात्र माणूस थोडा मोकळा होतो.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका १९६६ साली सुरू झाली. तिच्यात ग्रहांचा एक संघ आहे. पुढे १९९६ च्या एका चित्रपटात या संघात दीडशेहून अधिक ग्रह असून त्याचा विस्तार आठ हजार प्रकाशवर्षांचा असल्याचे सांगितले आहे. त्याला अध्यक्ष आहे, प्रतिनिधींचे मंडळ आहे, आरमार आहे. परंतु सभासद-ग्रहाच्या घरात या मध्यवर्ती सत्तेचा हात कुठवर पोहोचतो, हे कुणी नीट लिहून दिलेले नाही. ते कथांवरूनच ताडावे लागते.

१९६७ सालच्या दोन कथा या दृष्टीने मला फार बोलक्या वाटतात. एकीत कोरिडन नावाच्या ग्रहाला संघात घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी राजदूत निघाले आहेत. ग्रहाच्या पोटात मौल्यवान खनिज अमाप. पण वस्ती विरळ आणि राखणदार कोणी नाही. साहजिकच तेथे चोरट्या खाणी चालतात. व्हल्कन ग्रहाचा राजदूत सारेक म्हणतो, याला संघात घ्या, म्हणजे कायद्याचे छत्र मिळून त्याची संपत्ती त्याच्याच लोकांच्या उपयोगी पडेल. ज्याची जहाजे ते खनिज वाहतात, तो सभासद मात्र विरोध करतो! स्थानिक स्वातंत्र्याचा घोष कित्येकदा लुटणाऱ्याच्या तोंडीही असतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

दुसरी कथा नेमकी उलट बाजूची. त्याच सुसंस्कृत व्हल्कन ग्रहावर, लहानपणी ठरलेले लग्न मोडावयाचे तर वधूला एकच वाट आहे. तिने द्वंद्वाचे आव्हान द्यावयाचे, दोन पुरुषांनी मरेपर्यंत लढावयाचे आणि तिने जिंकणाऱ्याची मालमत्ता व्हावयाचे. संघ यात पडत नाही. उलट, आरमाराने आधी नाकारलेली यानाची तेथील फेरी टीपाऊ या तिथल्या वृद्धेच्या एका शब्दावर मंजूर होते. या बाईने संघाच्या मंडळातील जागाही नाकारलेली! टीप्रिंग ही वधू हुशार, म्हणून कोणीही जिंकले तरी आपल्या मनासारखे होईल असा डाव ती रचते. पण हुशारी हा काही हक्क नव्हे. तिच्या जागी एखादी साधीभोळी मुलगी असती तर?

येथे मन म्हणते, मध्यवर्ती सत्तेने आत शिरून ही रूढी मोडावी. मात्र या मोहालाही मालिकेतच उत्तर आहे. १९९६ साली दाखवलेल्या एका जोडकथेत, रूप पालटणारे शत्रू आपल्यात शिरल्याच्या भीतीने पृथ्वीवर आणीबाणी जाहीर होते. रस्त्यांवर सैनिक येतात, लोकांचे रक्त तपासण्याचे फर्मान निघते. पुढे कळते, की वीज तोडून घबराट पसरवणारे आरमारातलेच लोक होते. ते फर्मान पहिल्यांदा कोणाला खटकते? नायकाच्या म्हाताऱ्या बापाला. तो खाणावळ चालवतो, आणि रक्त देत नाही म्हणून हटून बसतो. दूरच्या वधूसाठी न हललेला हात जवळच्या खाणावळवाल्याच्या मनगटापर्यंत मात्र सहज पोहोचला!

म्हणून सत्ता मध्यवर्ती असावी की विखुरलेली, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. तिला हाक कोणाची ऐकू येते, हे आधी पाहावे. कोरिडनला संरक्षण हवे होते, तेथे तिने जाणे योग्य. आणीबाणीत हाक दिली ती सेनापतीने. तेथे तिने थांबावयास हवे होते. आणि टीप्रिंगला तर हाक मारण्याची सोयच नव्हती. एकत्र कुटुंबातही किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, यापेक्षा धाकट्या सुनेला आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडता येते, यावरूनच त्या घराची पारख होते.

यावर कोणी विचारील, की रूढीतच वाढलेल्या माणसाला हाक मारावी असे वाटलेच नाही तर? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. बळाने कोणाला मुक्त करता येते, यावर माझा विश्वास नाही. पण प्रत्येक ग्रहाचा पोशाख, देव, लग्नविधी त्याच्यापाशी राहू देऊनही संघाला दोन अटी घालता येतील. कोणालाही मालमत्ता मानता कामा नये, आणि बाहेर पडण्याची वाट प्रत्येकाला खुली असावी. ही वाट आहे, हे लहान मुलालाही ठाऊक असले पाहिजे. एवढेही ज्याला मान्य नाही, त्याला सभासद करून संघाची संख्या तेवढी वाढेल. मग दीडशे जगांच्या त्या राज्यात टीप्रिंगसारखीला न्याय मागायला एकही जागा उरणार नाही.