वाघोबाची वहिवाट

मुरबाडच्या तहसील कचेरीत मी अकरा वर्षं कारकुनी केली. तिथे सगळ्यात जास्त भांडणं येत ती वाटेची. एकाने बांधावर काट्या टाकलेल्या, दुसरा बैल कुठून नेऊ म्हणत अर्ज घेऊन उभा. 1906 च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली साहेब जागेवर जात, पंचनामा होई. सातबारा कुणाच्या नावावर आहे, यापेक्षा वर्षानुवर्षं तिथून कोण चालत आलंय, हे बघितलं जाई. त्यालाच वहिवाट म्हणायचं.

आता मी मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या कुशीत राहते. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आमच्या भागातल्या कितीतरी जमिनींवर 'खाजगी वन' असा शेरा पडला होता. 30 जानेवारी 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते ओझं उतरलं. सोसायटीच्या सभागृहात पेढे वाटले, मीही खाल्ले. पुढे काही महिन्यांनी मागच्या गेटच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला आणि त्याच सभागृहात 'पिंजरा लावा' असा अर्ज सह्यांसाठी फिरू लागला. माझ्यापाशी आला तेव्हा हात थांबला. आमची वहिवाट कोर्टाने मानली, मग याची कोण मानणार?

मला आजोबा आठवला. 2009 साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा बिबट्या, गळ्यात कॉलर बांधून माळशेज घाटात सोडला. माझ्या मुरबाडचाच तो घाट. तिथून महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहत, सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून तो थेट आमच्या उद्यानाच्या नागला भागात आला. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेला. उद्यान आणि तुंगारेश्वर यांच्या मध्ये घोडबंदर रस्ता आहे. तिथली वाट बुजली, तर 104 चौरस किलोमीटरचं हे जंगल म्हणजे कोंडवाडाच. म्हणून उद्यानाला लागून असलेल्या आरेच्या झाडांसाठी 2019 साली रात्री रस्त्यावर उतरलेली पोरं मला आपली वाटतात.

मुरबाडकडच्या एका शिवेवर मी वाघोबा पाहिला होता. हातभर दगड, शेंदराचे थर चढून कडा गोल झालेल्या. बोटाने चाचपलं तेव्हा वाघाच्या पाठीवर चंद्र-सूर्य लागले. जुन्या दानाच्या शिळांवरही हेच कोरतात: चंद्र-सूर्य असेतो हे दान मोडणार नाही. दगडापुढे उभी असताना मला वाटलं, ही तर सनद आहे. गावाने वाघाला शिवेवरची वाट लिहून दिली, आणि बदल्यात गुरं-माणसं सांभाळ म्हटलं. ज्या अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस म्हणून गाय-वासरू पुजतो, त्याच दिवशी डोंगरातली माणसं वाघबारस करतात. खाणारा आणि खाल्ली जाणारी, दोघांना एकाच तिथीला मान. माझ्या मते अहिंसेपेक्षा हा अवघड धर्म आहे, कारण यात भीती लपवलेली नाही.

आणि भीती खरी आहे. 2022 च्या दिवाळीत आरेमध्ये बिबट्याने दीड वर्षाचीही न झालेली मुलगी नेली. तिच्या आईपुढे जाऊन मी वाघोबाचा दगड सांगू शकणार नाही. देव म्हटल्याने कुणाचं मूल परत येत नाही. म्हणून सनदेतली आपली बाजूही पाळावी लागते. वनखात्याने 2011 साली नागरिकांना आणि अभ्यासकांना घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू केलं, त्यातून मी साधीच गोष्ट शिकले: कचरा साचला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. एक धरून हलवला, तर मोकळ्या जागी दुसरा येतो. आम्ही चौघीजणी दर रविवारी हेच सांगत फिरतो.

गेल्या महिन्यात डोंगरावरच्या वस्तीत एका बाईने मला नाल्याकडे नेलं. "तो हितनं उतरतो. आणि आमी बाया पहाटे हितनंच बाहेरला जातो." दोघांच्या वाटा एका आंब्याखाली एकमेकींना छेदत होत्या. संडास वस्तीच्या वरच्या अंगाला हवा आणि वाटेवर दिवे हवेत, असा अर्ज मी त्याच रात्री लिहिला. सोबत नकाशा काढला, कचेरीत काढत असू तसा. बायांची वाट तुटक रेषेने दाखवली, बिबट्याची सलग. त्याची जुनी आहे.