जिभेची साक्ष

आवडीनिवडीच्या बाबतीत वाद घालू नये, असे आपण सहज म्हणून जातो. कोणाला कारले रुचते, कोणाला रुचत नाही. त्यात खरेखोटे ते काय करावयाचे? परंतु या उदार वचनात दोन भिन्न गोष्टी एकत्र झाल्या आहेत. ‘हा पदार्थ मला आवडला’ हे एक विधान, आणि ‘या पदार्थाला अमुक चव आहे’ हे दुसरे. पहिल्याविषयी वाद नाही. दुसरे मात्र साक्षीसारखे आहे. आणि जेथे साक्ष आली तेथे सत्यासत्याचा प्रश्न आलाच. जिभेच्या साक्षीला सत्याचे बंधन कितपत असते, याचा विचार येथे एका परदेशी पेयाच्या निमित्ताने करावयाचा आहे.

बेल्जियमच्या फ्रेंचभाषी वालोनिया भागात एनो नावाचा प्रांत आहे. तेथील शेतघरांतून हिवाळ्यात बिअर तयार करून ठेवीत आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या मजुरांना ती देत, अशी परंपरा सांगतात. म्हणून तिचे नाव ‘सेझाँ’, म्हणजे हंगाम. मूळची ही बिअर सौम्य असे. मजुराची तहान भागावी, पण हात चालता राहावा, एवढाच तिचा हेतू. आज मात्र तिला जोर चढला आहे. तूर्प या गावच्या द्युपाँ मद्यशाळेची सेझाँ ६.५ टक्के मद्यार्काची असते. आणि त्याच मद्यशाळेने १९७० साली नववर्षाची भेट म्हणून काढलेली, ‘शुभेच्छांसह’ अशा अर्थाच्या नावाची बिअर ९.५ टक्क्यांची आहे.

ही दुसरी बिअर एका स्नेह्याने ब्रसेल्सहून आणली होती. रंग किंचित गढूळ सोनेरी. फेस दाट, पांढरा आणि चिवट. पहिल्या घोटात सुगंध, मग माफक कडवटपणा, आणि शेवटी अनपेक्षित कोरडेपणा. कारण हिचे किण्व माल्टमधील साखर जवळजवळ सारी खाऊन टाकते. चव सरल्यावर घशात रेंगाळते ती ऊब. चव घेणाऱ्यांत जो नागपूरकर होता त्याला संत्र्याची साल आठवली. देशावरच्याला कडब्याच्या गंजीचा वास आला. कोकणातला म्हणाला, ‘ही तर मिरी.’ घरापासून दूर नोकरी करणाऱ्या माणसांची जीभ कोणत्या गावी राहते, हे त्या तीन शब्दांवरून कळावे.

तथापि त्या बिअरमध्ये ना संत्रे, ना कडबा, ना मिरी. पाणी, सातूचे माल्ट, हॉप्सची फुले आणि किण्व, ही तिची मुख्य सामग्री. मग तिघेही खोटे साक्षीदार ठरले काय?

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीवरील निबंधात ‘डॉन किहोटे’मधील एक गोष्ट सांगितली आहे. सांचोच्या दोन नातलगांनी एका पिंपातील मद्य चाखले. एकाला त्यात चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांना हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली निघाली. ह्यूमच्या मते सूक्ष्म रुचीला वस्तूतच आधार असतो. आपल्या बाटलीच्या तळाशी मात्र किल्ली निघत नाही. रसायनशास्त्र सांगते ते निराळे: अशा बिअरचे किण्व माल्टमधील एका आम्लापासून जो सुगंधी पदार्थ निर्माण करते, तो लवंगेतील युजेनॉलचा जवळचा सगा असतो, फळांची आठवण देणारी द्रव्येही किण्वच तयार करते. म्हणजे जीभ सामग्रीची यादी देत नाही; ती साम्य सांगते. आणि साम्य सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

मग खोटेपणा कोठे सुरू होतो? माझ्या मते तो दोन ठिकाणी सुरू होतो. पहिले ठिकाण उसन्या शब्दाचे. एकाने ‘मिरी’ म्हटले की उरलेल्यांनाही मिरी लागते. ती खरोखर लागली असेल तर शब्दाने जिभेला वाट दाखविली. न लागताच मान डोलावली असेल तर ती वरच्या टिपणीखाली ‘सहमत’ लिहून, कागद न वाचता केलेली सही झाली. कचेरीत वावरणाऱ्यांस या पापाची निराळी ओळख करून द्यावयास नको. क्षुल्लक चवीविषयीही जो उसनी साक्ष देतो, त्याला महत्त्वाच्या प्रसंगी स्वतःची साक्ष सापडणे कठीण.

दुसरे ठिकाण अधिक गंभीर आहे. आंबा चाखताना आंबा माझ्या बुद्धीला हात लावीत नाही. मद्याची गोष्ट वेगळी. ७५० मिलिलिटरच्या त्या बाटलीत सुमारे ७१ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. आणि ज्याची परीक्षा करावयाची तोच परीक्षकाला हळूहळू वश करतो. आरोपीनेच न्यायाधीशाला लाच द्यावी, असा हा खटला आहे. पहिल्या घोटाची साक्ष ग्राह्य. तिसऱ्या पेल्याची स्तुती ही लाच घेतलेल्या न्यायाधीशाचा निकाल होय.

अशा पेयावर तत्त्वचर्चा कशाला, असे कोणी विचारील. आपल्या संविधानाचा ४७ वा अनुच्छेद मद्यबंदीकडे बोट दाखवितो. १९६४ च्या वर्तन नियमांतील २२ वा नियम कर्मचाऱ्याला स्थानिक मद्यविषयक कायदा पाळावयास आणि कामावर नशेपासून दूर राहावयास सांगतो. हे योग्यच आहे. पण नियम आचरणाकडे पाहतो. आपण जे बोललो ते आपल्याला खरोखर जाणवले होते काय, हे पाहणे नियमाच्या कक्षेबाहेरचे आहे. ते काम ज्याचे त्याने करावयाचे.

म्हणून संयम हा रसिकतेचा शत्रू नव्हे, किंबहुना तिची पूर्वअट आहे. थोडे घ्यावे, सावकाश घ्यावे, जाणवले तेवढेच आपल्या शब्दांत सांगावे. आणि साक्ष देण्याची पात्रता जाण्यापूर्वी पेला खाली ठेवावा. जो मुळीच पीत नाही त्यालाही हा नियम उपयोगी पडेल. कारण परीक्षकाला वश करणारी वस्तू केवळ बाटलीतच असते असे नाही. स्तुती, अधिकार आणि सवय यांनाही मद्यार्क असतो, आणि त्याचे प्रमाण कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते.